नावेच्या एंजिनाची हरवलेली ठिणगी



भर प्रवाहांत नावेचें एंजिन बंद पडलें म्हणजे एकाएकीं मोठी शांतता पसरते. इतका वेळ जो आवाज नकोसा झालेला असतो, त्याच आवाजाची मनुष्य मग कान देऊन वाट पाहूं लागतो. तो दोरी ओढतो, पुन्हां ओढतो. एंजिन एक-दोनदां फुरफुरतें आणि गप्प बसतें. तेवढ्या वेळांत नाव मात्र थांबलेली नसते. पाणी तिला आपल्या वाटेनें नेत असतें. ज्याच्या हाताशीं वल्हें आहे त्याला ह्या प्रसंगाचें फारसें भय नाहीं. एंजिनाच्या भरंवशावर ज्यानें वल्हें घरीं ठेविलें, त्याची मात्र कठीण अवस्था होते.

अशा वेळीं नावाड्याच्या तोंडीं बहुधा एकच वाक्य असतें: ‘करंट येईना.’ हा करंट म्हणजे एंजिनाच्या पोटांत पडणारी विजेची ठिणगी. जुन्या एंजिनांत ती कशी उत्पन्न होते, कोणकोणत्या ठिकाणीं हरवते, आणि हरवली असतां क्रमानें कशी शोधावी, हें आज सांगावयाचें योजिलें आहे. माझ्या हातून झालेली एक चूकही ओघानें सांगेन. कारण तिनें मला जें शिकविलें तें पुस्तकांतून शिकतां आलें नसतें.

परभणी जिल्हा आणि नाव ही सांगड परक्या मनुष्यास थोडी विचित्र वाटेल. समुद्र येथून फार दूर. परंतु जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून गोदावरी वाहते, आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा ह्या तालुक्यांतील कितीतरी गांवें तिच्या कांठावर वसलेलीं आहेत. माझ्या लहानपणीं वैशाखांत नदीचे डोह तेवढे उरत. आणि पावसाळ्यांत पैलतीर गांठावयाचा तर डोंगा, नाहीं तर गुळाची काहील, हींच साधनें असत. पुढें ढालेगांव, मुदगल, दिग्रस अशा ठिकाणीं उंच बंधारे झाले आणि पावसाळा संपल्यावरही नदींत दूरवर पाणी उभें राहूं लागलें. उत्तरेकडे पूर्णा नदीवर येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयांतही मासेमारी चालते. अशा विस्तीर्ण पाण्यांत दिवसभर वल्हीं मारून जाळीं टाकणें मोठें दमछाकीचें काम आहे. म्हणून कोणी ऐपतीप्रमाणें वापरलेलें, जुनें एंजिन मिळवितो व नावेच्या पाठीमागें टांगतो. २००६ सालच्या ऑगस्टांत गोदावरीला महापूर आला, तेव्हां चालू एंजिन असलेल्या नावेचें मोल काय असतें तें नदीकांठच्या लोकांना चांगलें कळून आलें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. डिझेलच्या एंजिनाला ठिणगी लागतच नाहीं. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन एंजिनीयरानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें, त्यांत हवा इतक्या जोरानें दाबली जाते कीं ती दाबानेंच तापते, आणि तींत शिरलेलें तेल आपोआप पेट घेतें. कोंकण किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक नौका बहुधा ह्या जातीच्या एंजिनावर चालतात. पेट्रोलवर, किंवा पेट्रोलवर सुरू करून पुढें रॉकेलवर चालविण्याच्या लहान एंजिनांत मात्र हवा व इंधनाची वाफ ह्यांचें मिश्रण नेमक्या क्षणीं ठिणगीनें पेटवावें लागतें. नावेच्या मागें टांगावयाचें एंजिन, ज्याला आऊटबोर्ड म्हणतात, तें बहुधा ह्या दुसऱ्या जातीचें असतें. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत वाढलेल्या ओल एव्हिनरूड ह्या कारागिरानें १९०९ च्या सुमारास असें एंजिन बाजारांत आणलें आणि तें लवकरच सर्वत्र पसरलें. शेतावरचीं रॉकेलचीं लहान पंप-एंजिनें घ्या, किंवा एके काळीं आपणांपैकीं पुष्कळांच्या दारांत उभ्या असलेल्या जुन्या स्कूटरी घ्या; त्यांतील ठिणगीची रचनाही मुळांत हीच होती. तेव्हां ही हकीगत नावाड्यापुरतीच आहे असें श्रोत्यांनीं समजूं नये.

आतां ही ठिणगी येते कोठून? ह्या लहान एंजिनांना बहुधा बॅटरी नसते. दोरी ओढली कीं ठिणगी पडते. अर्थात् वीज तेथल्या तेथें तयार होते. १८३१ सालीं मायकेल फॅरडे ह्यानें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला म्हणजे त्या तारेंत वीज उत्पन्न होते. एंजिनाच्या माथ्यावर जें जड चाक असतें, त्याच्या आंतल्या कडेला चुंबक बसविलेले असतात. चाकाखालीं एका स्थिर तबकडीवर तारेचें वेटोळें असतें. चाक फिरलें कीं चुंबक वेटोळ्यापुढून जातात आणि त्यांत वीज खेळूं लागते. ह्या सबंध योजनेस मॅग्नेटो असें नांव आहे.

परंतु ही वीज फार थोड्या दाबाची असते. प्लगच्या दोन टोंकांमध्यें अर्धा-पाऊण मिलिमीटर अंतर असतें. तेवढीच हवा, पण सिलिंडरांत दाबून घट्ट झालेली. ती ओलांडावयाची तर कित्येक हजार व्होल्टांचा दाब पाहिजे. तो आणावयाचा कसा? घरांतील नळाचें उदाहरण घ्या. नळ पुरता सोडून पाणी जोरांत वाहूं द्यावें व एकदम बंद करावा. सगळी नळी दणकते. वाहत्या पाण्याला एकाएकीं अडविलें म्हणजे त्याचा वेग दाबाच्या रूपानें प्रगट होतो. विजेचेंही तसेंच आहे. जाड तारेच्या वेटोळ्यांतून वीज वाहत असतां तिची वाट क्षणार्धांत तोडली, तर त्या वेटोळ्यांत दाब उसळतो. आणि त्याच लोखंडी गाभ्यावर बारीक तारेचे हजारों फेरे गुंडाळलेले असले, तर त्या दुसऱ्या वेटोळ्यांत तो अनेक पटींनीं वाढलेला आढळतो. प्लगवर ठिणगी पाडणारा दाब तो हाच.

विजेची वाट तोडण्याचें काम ज्या जोडीकडे असतें, तिला मिस्त्री लोक ‘पॉइंट’ म्हणतात. कठीण धातूच्या दोन लहान टिकल्या. एक स्थिर, दुसरी एका छोट्याशा हातावर बसविलेली. स्प्रिंग त्या हाताला दाबून धरते, त्यामुळें टिकल्या एकमेकींस टेकून असतात. एंजिनाच्या दांड्यावर एक उंचवटा असतो. तो फिरत फिरत आला कीं हाताला ढकलतो, टिकल्या सुटतात, आणि त्याच क्षणीं प्लगवर ठिणगी पडते. उंचवटा धातूचा आणि हातही धातूचा. त्यांच्यामध्यें विजेला आडवाट मिळूं नये, व घासतांनाही फार झीज होऊं नये, म्हणून हाताला त्या जागीं फायबरचा एक तपकिरी, टणक तुकडा जोडलेला असतो. त्याला आपण ‘टाच’ म्हणूं; चपलेप्रमाणें येथेंही झिजते ती टाचच. दोन धावांच्या, एका सिलिंडराच्या एंजिनांत प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी लागते. मिनिटास ३,००० फेरे होत असले तर ही टाच सेकंदाला ५० वेळां, म्हणजे तासाभरांत १,८०,००० वेळां उचलली जाते. नखाएवढ्या तुकड्याची ही मजुरी ऐकली म्हणजे तो कधीं कधीं तुटतो ह्याचें आश्चर्य वाटत नाहीं.

राहतां राहिला कंडेन्सर. पॉइंट सुटतांना त्यांच्या फटींतच ठिणगी उडूं लागली, तर वीज तिकडेच खर्ची पडेल आणि टिकल्याही जळतील. म्हणून पॉइंटांच्या जोडीला ही लहानशी धातूची डबी लावतात. उसळलेल्या विजेला ती क्षणभर हौदाप्रमाणें आपल्या पोटांत जागा देते. फिझो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५३ सालीं ही युक्ति काढली, तेव्हां मोटार कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. पुढें जर्मनींत रॉबर्ट बॉश ह्याच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड ह्या एंजिनीयरानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, आणि बॅटरीवांचून चालणाऱ्या एंजिनांना खात्रीची ठिणगी मिळाली.

इतकी प्रस्तावना झाल्यावर आतां प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळूं.

माझा एक जुना विद्यार्थी भोई समाजाचा आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास तो मासे धरतो. त्यावरच त्याचें घर चालतें. कांहीं वर्षांपूर्वीं भाद्रपदांत तो आपलें एंजिन मोटारसायकलीला बांधून माझ्या दारीं आला. म्हणाला, “गुरुजी, करंटच येईना. दोन प्लग बदलले, कॉइल बदलली. मिस्त्रीनंही हात टेकले. आता भंगारात घालू का?” त्या जातीचे सुटे भाग मिळणें दुरापास्त झालेलें; बदललेली कॉइलही दुसऱ्या एका मोडक्या एंजिनाची होती. महिन्याची कमाई त्यांत गेली होती. मीं त्याला म्हटलें, “भंगारवाला उद्यांही येईल. आज उघडून तर पाहूं.” शाळेंत विज्ञान शिकवीत असतांना मॅग्नेटोची आकृति मीं फळ्यावर अनेकदां काढली होती, प्रत्यक्ष उघडण्याचे प्रसंग मात्र मोजकेच आले होते, हें येथेंच कबूल करून टाकतों.

ठिणगीचा शोध नेहमीं बाहेरून आंत करावा. सोपें तें प्रथम, अवघड तें शेवटीं. पुष्कळ मिस्त्री ह्याच्या उलट करतात. जो भाग महाग, त्याच्यावर प्रथम संशय घेतात.

पहिला प्रश्न असा कीं, दोष खरोखर ठिणगीचाच आहे काय? दोरी पांच-सहा वेळां ओढून प्लग काढावा. तो कोरडा असला तर इंधनच पोंचत नाहीं. टाकी, नळी व कार्ब्युरेटर पाहावा. प्लग पेट्रोलनें ओला असून एंजिन पेटत नसेल, तर संशय ठिणगीकडे वळवावा.

दुसरी परीक्षा ठिणगीची. प्लग पुसून, त्याची टोपी लावून, त्याचें धातूचें अंग एंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला टेकवावें, आणि सांवलींत धरून दुसऱ्यास दोरी ओढावयास सांगावें. ठिणगी निळसर, तडतडणारी असली तर ती सशक्त. पिवळट, बारीक असली तर अशक्त. ही परीक्षा करतांना दोन गोष्टी संभाळाव्या. प्लगच्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेंकली जाते, म्हणून प्लग त्या भोंकापासून दूर टेकवावा व पेट्रोलचा डबा जवळ ठेवूं नये. आणि प्लगची तार उघड्या हातानें धरूं नये; तिचा झटका चांगलाच सणसणीत बसतो. आमच्या एंजिनांत नव्या प्लगवरही ठिणगीचा मागमूस नव्हता.

तिसरी जागा फार सोपी असूनही पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एंजिन बंद करण्याची जी कळ असते, ती वीज तोडीत नाहीं. उलट तिला एंजिनाच्या धातूकडे वाट मोकळी करून देते, म्हणजे प्लगकडे कांहींच उरत नाहीं. त्या कळेची तार घासून कोठें उघडी पडली व धातूला टेकली, तर कळ न दाबतांच एंजिन कायमचें ‘बंद’ राहतें. पाण्यांतील ओलाव्यानें व हादऱ्यानें असें पुष्कळदां होतें. म्हणून ती तार तात्पुरती सोडून पुन्हां ठिणगी पाहावी. मग प्लगची जाड तार व टोपी पाहावी. तिला चीर असली तर रात्रीं अंधारांत तेथून निळसर ठिणग्या गळतांना दिसतात. आमच्याकडे ह्या दोन्ही जागा निर्दोष निघाल्या.

तेव्हां चाक काढणें प्राप्त झालें. ह्या कामीं हातोड्याचा मोह आवरावा. चाक दांड्यावर घट्ट रुतलेलें असतें. तें ठोकून काढूं गेल्यास दांडा वांकतो आणि चुंबकांचाही जोर कमी होतो. त्याकरितां पुलर वापरावा. चाक निघाल्यावर दांड्याच्या खांचेंत जी लहान अर्धचंद्राकृति चावी असते, ती धडकी आहे कीं कातरली गेली आहे हें पाहावें. ती सरकली तर चाक थोडें फिरतें आणि ठिणगी अवेळीं पडते.

आमच्या एंजिनाचें चाक निघालें आणि रोग समोर दिसला. पॉइंटाच्या हाताची टाच तुटून तबकडीच्या कोपऱ्यांत पडली होती. उंचवटा फिरत होता, पण त्याला ढकलावयास कांहीं उरलें नव्हतें. टिकल्या रात्रंदिवस एकमेकींस चिकटलेल्या! वाटच तुटत नाहीं, तर दाब उसळणार कोठून? प्लग निर्दोष होता, पहिली कॉइलही निर्दोष होती. जेथें रोग नव्हता तेथें महिन्याची कमाई खर्ची पडली होती.

परंतु टाच तुटली कां, हा खरा प्रश्न. उंचवट्याला टेकलेला नमद्याचा एक लहान तुकडा असतो. त्यावर तेलाचा किंवा ग्रीसचा एखादा थेंब द्यावयाचा असतो, म्हणजे टाच गुळगुळीत फिरते. आमचा नमदा लांकडासारखा वाळला होता, आणि उंचवट्यावर तांबूस गंज चढला होता. वर्षानुवर्षें कोणीं तें चाक काढलेंच नव्हतें. खरखरीत उंचवट्यावर टाच घासत घासत झिजली. झिजली म्हणजे टिकल्यांमधील फट लहान होते आणि ठिणगी उशीरां पडूं लागते. दोन महिने एंजिन सुरू व्हावयास त्रास देत होतें, ओढही कमी झाली होती, असें त्यानें मला विचारल्यावर सांगितलें. शेवटीं तडा जाऊन ती तुटली. नवी टाच बसविली आणि नमदा तसाच ठेवला, तर नवीचीही तीच गत होणार, हें उघड होतें. आम्हीं उंचवटा बारीक काचकागदानें घासून गुळगुळीत केला व नमदा धुऊन त्याला ग्रीस लावलें. तेंही बेतानेंच; जास्त झालें तर तें उडून टिकल्यांवर बसतें आणि टिकल्या जळतात.

मग नवी टाच. विजेच्या बोर्डासाठीं जी तपकिरी हायलमची पाटी मिळते, तिचा एक तुकडा माझ्याकडे होता. तो पात्याच्या करवतीनें कापला, कानशीनें आकार दिला, आणि बाजारांत मिळणाऱ्या दोन नळ्यांच्या चिकट द्रव्यानें हाताला चिकटविला. रात्रभर वाळूं दिला. सकाळीं फट मापली. बहुतेक जुन्या आऊटबोर्ड एंजिनांत उंचवटा पूर्ण वर असतांना ही फट इंचाच्या २० सहस्रांशांइतकी, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, असावी लागते. टाच किंचित् लांब झाली होती, ती घासून माप जमविलें. टिकल्या स्वच्छ कागदानें पुसल्या, कारण बोटाचा तेलकटपणाही तेथें विजेला अडवितो. चाक बसविलें, पाण्यानें भरलेल्या पिंपांत एंजिन टांगलें, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला एंजिन सुरू! आळींतील मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पांच मिनिटें तें सुरेख चाललें. मलाही, खरें सांगतों, अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशीं तो एकटाच नाव घेऊन गेला. वरच्या बाजूस पाऊस झालेला होता, खालीं बंधाऱ्याचे दरवाजे उचललेले होते, आणि पाण्याला ओढ होती. वीस-पंचवीस मिनिटांत एंजिन बंद पडलें. नाव बंधाऱ्याच्या दिशेनें वाहूं लागली. सुदैवानें त्यानें वल्हें बरोबर ठेविलें होतें. बापानें घालून दिलेला तो नियम त्यानें कधीं मोडला नव्हता. प्रवाहाशीं समोरासमोर न झगडतां नाव तिरपी करून करून, कांठाशीं लावावयास त्याला जवळ जवळ तास लागला. संध्याकाळीं तो माझ्याकडे आला. रागाचा एक शब्द बोलला नाहीं. तुटलेली टाच टेबलावर ठेवून इतकेंच म्हणाला, “गुरुजी, चिकटलं नाही.” त्याचे तळवे सोलून निघाले होते. ते पाहून मला मान वर करवेना.

रात्रीं मीं तो पॉइंटाचा हात पुन्हां दिव्याखालीं धरला. टाचेच्या जागीं त्यांत एक बारीक, गोल भोंक होतें. तें मीं आदल्या दिवशींही पाहिलें होतें, आणि चिकट द्रव्यानें बुजवून टाकलें होतें! मूळच्या टाचेला तेथें रिवेट होता. चाकाच्या आंत एंजिनाची उष्णता कोंडते. त्या उष्णतेंत चिकट द्रव्य मऊ पडतें, आणि सेकंदाला ५० ठोके खाऊन टाच हळू हळू सरकते. करणाऱ्यानें तेथें रिवेट कां मारला होता, हा प्रश्न मीं स्वतःला विचारलाच नव्हता. पांच मिनिटें, थंड पिंपांत, ओझ्यावांचून चाललेलें एंजिन नदींत तासभर चालेल, हें मीं कशाच्या आधारावर गृहीत धरलें, ह्याचेंही उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. जो धोका मीं पत्करला तो माझा नव्हता. नावेंत मी नव्हतों.

दुसऱ्या वेळीं आम्ही घाई केली नाहीं. गांवांतील एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची मदत घेतली. बारीक कामांत त्याचा हात माझ्याहून शतपट चांगला. त्यानें पितळेच्या तारेचा रिवेट केला. रिवेटाचें डोकें टाचेच्या पृष्ठभागाच्या आंत बुडविलें, कारण तें वर राहिलें तर उंचवट्याला घासेल आणि विजेला नेमकी नको ती वाट मिळेल. फट पुन्हां मापली. मग पिंपांतील पाणी दोनदां बदलून एंजिन पुरा तासभर चालविलें, थंड होऊं दिलें, चाक काढून फट पुन्हां पाहिली. मापांत फरक नव्हता. तरीही पहिले आठ दिवस त्यानें नाव कांठाच्या जवळून, उथळ पाण्यांतूनच न्यावी असें ठरलें. पुढें एका भंगारांतल्या एंजिनाचा मूळचा पॉइंट त्याला मिळाला. तो त्यानें बसविला, आणि आमची टाच डबींत घालून अडीअडचणीसाठीं नावेंत ठेविली. माझ्या मतें घरीं केलेल्या भागाची योग्य जागा तीच.

टाचेखेरीज आणखी दोन भाग पुष्कळदां दगा देतात. त्यांचीं लक्षणें थोडक्यांत सांगतों. टिकल्या काळ्या पडून वरचेवर जळत असतील, व चाक फिरवितांना त्यांच्या फटींत मोठी पिवळी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर गेला असें समजावें. तो दुरुस्त होत नाहीं, बदलावाच लागतो. सुदैवानें तो स्वस्त असतो, आणि तेवढ्याच धारणेचा दुसऱ्या एंजिनाचा कंडेन्सरही वेळेला चालतो. कॉइल गेली कीं काय हें मीटरनें पाहतां येतें. जाड तारेच्या वेटोळ्याचा रोध फार अल्प, एखाद-दुसरा ओहम असतो. बारीक तारेच्या वेटोळ्याचा कित्येक हजार ओहम असतो. मीटरचा कांटा जागचा हललाच नाहीं तर तार आंत तुटली आहे. बाहेरच्या जोडाला डाख देतां येतो. आंतल्या वेटोळ्याला घरीं हात घालूं नये.

१९७० नंतरच्या काळांत पॉइंटांची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक योजनेनें घेतली. तींत टिकल्या नाहींत, टाच नाहीं, झिजणारें कांहींच नाहीं. ती क्वचित् बिघडते, हा तिचा मोठा गुण. पण बिघडली म्हणजे उघडून पाहण्याजोगें आंत कांहीं नसतें, सबंध पेटीच बदलावी लागते. ज्याला परवडेल त्यानें नवें एंजिन जरूर घ्यावें. जुन्याची माया मीही लावून घेत नाहीं. परंतु ज्याच्या घरीं जुनेंच आहे आणि नवें घेण्याची ऐपत नाहीं, त्याला तें भंगारांत घालण्याचा सल्ला देण्यापूर्वीं एकदां चाक काढून आंत पाहणें हें आपलें कर्तव्य आहे. पुष्कळदां सबंध यंत्र धडधाकट असतें, आणि नखाएवढा एक तुकडा तेवढा मोडलेला असतो.

शेवटीं, अनुभवानें पटलेल्या तीन गोष्टी सांगून आपली रजा घेतों. एक, मोडलेला भाग हातीं आला म्हणजे तो कां मोडला तें शोधल्यावांचून नवा बसवूं नये. दुसरी, मूळच्या कारागिरानें जेथें भोंक पाडलें, जेथें रिवेट मारला, तेथें त्याला कांहीं कारण असलें पाहिजे असें धरून चालावें. तें कळेपर्यंत आपली अक्कल आवरून धरावी. आणि तिसरी, दुरुस्तीची परीक्षा ज्या परिस्थितींत यंत्राला काम करावयाचें आहे तशाच परिस्थितींत, तितकाच वेळ, आणि कोणाच्याही जिवाला धोका न पोंचेल अशा जागीं घ्यावी. घरीं केलेल्या दुरुस्तीवर भरंवसा ठेवून नावेंत उतारू बसवूं नयेत. आणि एंजिन कितीही चांगलें असो, वल्हें नावेंतून काढूं नये.

माझा विद्यार्थी अजून त्याच पाण्यावर मासे धरतो. दर दिवाळीला, पावसाळ्याची ओढ ओसरल्यावर, तो एंजिनाचें चाक काढतो आणि नमद्याला ग्रीस लावतो. त्या दिवशीं तो मला मुद्दाम बोलावितो. मी जातों, बाजूला बसतों आणि पाहतों. ग्रीस किती लावावयाचें, हें आतां त्याला माझ्याहून अधिक चांगलें कळतें.